आय-लीग २०२४-२५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाच्या पट्ट्यातल्या आमच्या तालुक्यात फुटबॉलचे संघ मोजकेच आहेत, पण आय-लीग या देशपातळीवरील फुटबॉल लीगच्या २०२४-२५ च्या हंगामाविषयी विचारणा मात्र सतत होत असते. ती मुख्यतः दोन प्रकारची असते. काहींना लीगचा निकाल समजलेला नसतो, तर काहींना त्या निकालाचा आपल्या गावच्या स्पर्धेशी काय संबंध, हे जाणून घ्यायचे असते. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

ही लीग देशात कितव्या पायरीवरची?

दुसऱ्या. सर्वांत वर इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, तिच्या खाली आय-लीग, त्याखाली आय-लीग २, मग आय-लीग ३ आणि सर्वांत खाली राज्यांच्या लीग, अशी २०२४-२५ मध्ये ही उतरंड होती. २००७ साली आय-लीग सुरू झाली तेव्हा तीच देशाची अव्वल लीग होती. पुढे आयएसएल आली आणि आय-लीगचे स्थान खाली गेले. २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीग जिंकणाऱ्या क्लबला आयएसएलमध्ये पदोन्नतीचा हक्क मिळू लागला आणि त्यामुळे या लीगच्या विजेतेपदाला पुन्हा वजन आले. त्या वाटेने सर्वप्रथम पंजाबचा राउंडग्लास क्लब वर गेला आणि पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग गेला.

२०२४-२५ मध्ये कोणते संघ खेळले? महाराष्ट्राचा एकही संघ का नव्हता?

एकूण १२ संघ होते. गोव्याचे चर्चिल ब्रदर्स आणि देम्पो, वाराणसीच्या नावाने खेळणारा इंटर काशी, श्रीनगरचा रियल काश्मीर, केरळचा गोकुलम, राजस्थान युनायटेड, पंजाबातील नामधारी, मेघालयचा शिलाँग लाजोंग, मिझोरमचा ऐझॉल, हैदराबादचा श्रीनिधी डेक्कन, दिल्ली एफसी आणि एससी बेंगळुरू.

महाराष्ट्र या यादीत नाही, हे खरे आहे. एकेकाळी मुंबई एफसी, पुणे एफसी, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असे संघ याच लीगमध्ये खेळत होते. त्यांतील काही बंद पडले, काही मागे हटले, आणि अलीकडच्या काळात केंकरे एफसीसुद्धा २०२२-२३ नंतर खाली घसरला. जे होते ते सारे मुंबई-पुण्याचे होते. विदर्भात फुटबॉल म्हटले की कामठी आणि नागपूर ही नावे आधी घेतली जातात, आणि त्यात कामठीची परंपरा तर इंग्रजांच्या छावणीइतकी जुनी मानली जाते. पण तेथील मैदानांवरची रग राष्ट्रीय लीगच्या क्लबपर्यंत पोहोचलेली नाही. खेळाडू कमी पडले म्हणून असे झाले, हे आम्हाला पटत नाही. क्लब चालवायला जी कागदपत्रे, जो पगारी कर्मचारीवर्ग आणि जे वर्षभराचे पैसे लागतात, ते उभे करणारे कोणी पुढे आले नाही, हे कारण अधिक खरे वाटते.

फायनल कधी झाली?

झालीच नाही, कारण लीगमध्ये फायनल नसते. आपल्याकडच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. आय-लीगमध्ये प्रत्येक संघ इतर ११ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर खेळला, म्हणजे प्रत्येकी २२ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला हंगाम ६ एप्रिल २०२५ रोजी संपला, म्हणजे आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असताना सुरू झाला आणि उन्हाने अंगाची लाही होऊ लागली तेव्हा संपला.

पण शेवटच्या दिवशी चुरस होती, असे ऐकले. ती कशी?

खरी चुरस होती. शेवटच्या फेरीपूर्वी चर्चिल ब्रदर्सचे ३९ गुण होते, गोकुलमचे ३७, तर रियल काश्मीर आणि इंटर काशी यांचे प्रत्येकी ३६. चौघांनाही विजेतेपदाची आशा होती, आणि त्यांतील चर्चिल व रियल काश्मीर हे दोघे श्रीनगरमध्ये समोरासमोर होते. तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तिकडे कोळिकोडमध्ये गोकुलमने देम्पोविरुद्ध सुरुवातीलाच दोन गोलांची आघाडी घेतली होती. त्यांच्या थाबिसो ब्राउनने हॅटट्रिकही केली, तरी सामना देम्पोने ४-३ असा खेचून नेला. इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ असे हरवले.

गुणतालिका अशी झाली : चर्चिल ४०, इंटर काशी ३९, गोकुलम व रियल काश्मीर प्रत्येकी ३७.

मग चर्चिल विजेता ठरला ना?

त्या संध्याकाळी मैदानावरचा हिशेब तसाच होता, पण एक जुना सामना अजून निकाली निघायचा होता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी रेषेपार गेली आणि घड्याळ थांबले की गावभर निकाल होतो. येथे मात्र रेषा ओलांडून झाल्यावरही जवळजवळ साडेतीन महिने घड्याळ चालूच राहिले.

१३ जानेवारी २०२५ रोजी नामधारीने इंटर काशीला २-० असे हरवले होते. या सामन्यात नामधारीकडून क्लेडसन दा सिल्व्हा हा ब्राझीलचा खेळाडू खेळला. लीगच्या नियमानुसार हंगामात चार पिवळी कार्डे जमा झाली की खेळाडूला एका सामन्याला मुकावे लागते. क्लेडसनची चार कार्डे झालेली असल्यामुळे तो या सामन्यासाठी अपात्र होता, अशी हरकत इंटर काशीने घेतली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने फेब्रुवारीत ती मान्य केली आणि सामना ३-० असा इंटर काशीच्या नावे लावला. नामधारीने अपील केले. अपील समितीने आधी स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये शिस्तपालन समितीचा निर्णयच फिरवून मैदानावरचा निकाल कायम ठेवला. त्यामुळे चर्चिलला विजेता घोषित करण्यात आले.

इंटर काशी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयात गेला. या संस्थेला कॅस म्हणतात, आणि जगभरातील क्रीडासंघटनांच्या निर्णयांविरुद्धची शेवटची दाद तेथे मागितली जाते. जून २०२५ मध्ये कॅसने अपील समितीचा निर्णय रद्द केला आणि त्या सामन्याचे तीन गुण इंटर काशीला दिले. ३९ अधिक तीन म्हणजे ४२. चर्चिल ४० वरच होता.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. श्रीनगरमध्ये चर्चिलने बरोबरीऐवजी विजय मिळवला असता तर त्यांचेही ४२ गुण झाले असते आणि लवादाच्या निकालानंतर दोघे बरोबरीत उभे राहिले असते. म्हणजे ‘सगळे कागदावर ठरले’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कागदाचा निर्णय निर्णायक ठरला, कारण मैदानावर दोन गुण सांडले होते.

जूनमध्येच निकाल लागला असेल, तर विजेता जुलैत का जाहीर झाला?

कारण इंटर काशीविरुद्धही एक तक्रार होती, आणि ती अधिक गुंतागुंतीची होती. त्यांचा स्पेनचा आघाडीपटू मारियो बार्को दुखापतीमुळे संघाबाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी मातिया बाबोविच या सर्बियाच्या खेळाडूची नोंदणी करण्यात आली. पुढे बार्को बरा झाल्यावर क्लबने दुसऱ्या एका परदेशी खेळाडूच्या जागी त्याची पुन्हा नोंदणी केली. एकदा बदली झालेला खेळाडू त्याच हंगामात परत येऊ शकतो का, हा वादाचा मुद्दा होता. चर्चिल, नामधारी आणि रियल काश्मीर यांनी हरकत घेतली. महासंघाच्या अपील समितीने इंटर काशीच्या विरोधात निर्णय दिला. क्लबचे म्हणणे असे होते की नोंदणी महासंघानेच मान्य केली होती, आणि मान्यता मिळाल्यावर खेळवलेला खेळाडू मागाहून अपात्र कसा ठरवता येईल.

या प्रकरणातही कॅसने इंटर काशीच्या बाजूने कौल दिला आणि १८ जुलै २०२५ रोजी त्यांना आय-लीग २०२४-२५ चे विजेते घोषित करण्याचा आदेश झाला. त्याच आधारावर त्यांना आयएसएलची पदोन्नती मिळाली.

हा निकाल न्याय्य आहे का?

आमच्या मते नियमाच्या अंगाने तो योग्य आहे, मात्र तो लागण्यास झालेला विलंब योग्य नाही. जानेवारीतल्या सामन्याचा निर्णय एप्रिलमध्ये उलटतो आणि जूनमध्ये पुन्हा उलटतो, तेव्हा मधल्या काळात इतर ११ संघ कोणत्या गुणतालिकेकडे पाहून खेळत होते, असा प्रश्न पडतो. चर्चिलच्या खेळाडूंविषयी सहानुभूती वाटते, कारण वादाच्या सामन्यात ते खेळलेलेही नव्हते. परंतु अपात्र खेळाडूचा सामना गमावला जातो, हा नियम सर्व संघांना हंगामाच्या सुरुवातीपासून ठाऊक होता, आणि नियम एकदा सैल केला की पुढच्या वर्षी पिवळ्या कार्डाला कोणी भीक घालणार नाही.

खाली कोण घसरले आणि वर कोण आले?

तळाचे दोन संघ दिल्ली एफसी आणि एससी बेंगळुरू हे होते. एससी बेंगळुरूने आदल्याच वर्षी आय-लीग २ जिंकून वर पाऊल ठेवले होते, म्हणजे त्यांचा मुक्काम एका हंगामाचाच ठरला. आय-लीग २ मधून डायमंड हार्बर विजेता म्हणून आणि ऐझॉलचा चानमारी उपविजेता म्हणून वर येण्यास पात्र ठरले.

डायमंड हार्बरची वाटचाल ग्रामीण भागातील वाचकांनी मुद्दाम पाहावी. पश्चिम बंगालमधील दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील एका लहान शहराच्या नावाचा हा क्लब २०२२ मध्ये स्थापन झाला आणि २०२४-२५ या एकाच हंगामात त्याने आधी आय-लीग ३ आणि मग आय-लीग २ जिंकली. त्यांच्यामागे राजकीय आणि आर्थिक बळ होते, हे मान्य करावेच लागेल. फक्त जिद्दीवर हे झाले, असे सांगून कोणाची दिशाभूल करण्यात अर्थ नाही.

इंटर काशी वाराणसीचा, मग त्यांचे सामने बंगालमध्ये का होत होते?

लीगमध्ये घरचे मैदान म्हणून जे मैदान द्यायचे, त्याला प्रकाशझोत, ड्रेसिंग रूम, वैद्यकीय सोय, थेट प्रक्षेपणाची व्यवस्था असे निकष असतात. ते आपल्या शहरात पूर्ण होत नसतील तर क्लब दुसऱ्या गावी जातो. इंटर काशीने पश्चिम बंगालमधील कल्याणी निवडले, दिल्ली एफसी पंजाबातील माहिलपूर या फुटबॉलवेड्या लहान गावात खेळला. याउलट नामधारीचे मैदान लुधियाना जिल्ह्यातील भैणी साहिब या गावातच आहे. राष्ट्रीय लीगचे सामने खेड्यात होऊ शकतात, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आपल्याकडची अडचण जमिनीपासून सुरू होते. काळी माती पावसात घोट्यापर्यंत चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून जिल्हा परिषद शाळेच्या मुरुमाच्या मैदानावर खेळ होतो आणि गुडघे सोलून निघतात. दिवाळी ते होळी हाच आपला खरा हंगाम आहे आणि तो नेमका वेचणीच्या, तुरीच्या व हरभऱ्याच्या कामांशी भिडतो. स्पर्धेच्या तारखा ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस आणि शेतीची कामे आधी पाहावीत. खेळाडू कमी येतात याचे निम्मे उत्तर तेथेच सापडते.

हे सामने कुठे पाहता येत होते?

२०२४-२५ मध्ये सोनीच्या क्रीडा वाहिनीवर आणि एसएसईएन या ॲपवर. प्रत्यक्ष मैदानात जाऊन पाहायचे असेल तर विदर्भाला सर्वांत जवळचे ठिकाण हैदराबाद होते, कारण श्रीनिधी डेक्कनचे घरचे सामने तेथील डेक्कन अरेनामध्ये होत. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी भागातील मुलांना काझीपेठमार्गे रेल्वेने जाणे सोयीचे पडते.

आपल्या तालुक्यातील स्पर्धेला या सगळ्याचा काय उपयोग?

बराच आहे, कारण आपल्या स्पर्धांतील भांडणांचे मूळही तेच असते. सामना संपतो, हरलेला संघ म्हणतो की समोरच्यांनी ‘बाहेरचे प्लेअर’ आणले, जिंकलेला म्हणतो की तो मुलगा आमच्या गावचा भाचा आहे, आणि पंच कमिटीकडे दाखवायला एकही कागद नसतो. मग आवाज ज्याचा मोठा, त्याचा निकाल.

प्रत्येक संघाची यादी पहिला सामना सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावी, तीत खेळाडूचे नाव, गाव, जन्मतारीख व जर्सी क्रमांक असावा, आणि एकदा स्वीकारलेल्या यादीत नवीन नाव घालायचे की नाही, हे स्पर्धेच्या पत्रकातच छापावे. बाहेरच्या खेळाडूंना आमचा सरसकट विरोध नाही. कामठीहून आलेला चांगला खेळाडू आपल्या मुलांना एका सामन्यात जेवढे शिकवतो तेवढे एरवी महिनाभरात होत नाही. पण किती जण चालतील, ते आधी ठरलेले असावे. बार्कोचा वाद एवढा लांबला, कारण बदली झालेला खेळाडू परतण्याविषयीच्या नियमाचे दोन अर्थ निघत होते. आपल्या पत्रकातील वाक्याचा एकच अर्थ निघतो का, हे छापण्यापूर्वी दोन वेगळ्या गावांच्या माणसांकडून वाचून घेतल्यास बरेच काही टळते.

कार्डांची नोंद ही दुसरी बाब. रेफ्री पिवळे कार्ड दाखवतो, प्रेक्षक ओरडतात, आणि सामना संपल्यावर ते कोणाला दाखवले हे कोणालाच आठवत नाही. प्रत्येक सामन्याच्या कागदावर कार्डाचा रकाना असावा, रेफ्री आणि दोन्ही कर्णधार यांच्या सह्या मैदान सोडण्यापूर्वी घ्याव्यात आणि पुढील सामन्यास कोण खेळू शकणार नाही, ते आदल्या दिवशी दोन्ही संघांना कळवावे. चार कार्डांचा नियम लांब लीगसाठी आहे. तीन-चार सामन्यांच्या बाद स्पर्धेत तो लावला तर त्याचा उपयोगच होणार नाही, म्हणून दोन पिवळ्या कार्डांनंतर एक सामना बाहेर, हे प्रमाण ठेवावे.

गावातील मुलाला या लीगपर्यंत जाण्याचा रस्ता कोणता?

शाळेत असेपर्यंत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप ही शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. त्यापुढे जिल्हा फुटबॉल संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबकडून खेळणे आवश्यक ठरते, कारण महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, जिला सीआरएस म्हणतात, खेळाडूची नोंद क्लबमार्फत होते. नागपूर जिल्ह्याची लीग विदर्भातील मुलांना सर्वांत जवळची संधी आहे. जन्माचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. चौदा किंवा सतरा वर्षांखालील गटात मूल खेळात कमी पडले म्हणून बाद झाल्याची जेवढी उदाहरणे दिसतात, त्याहून अधिक दाखल्यावरील आणि आधारवरील तारीख जुळली नाही म्हणून दिसतात.

पूर्ण संघ म्हणून वर जायचे असेल तर राज्य संघटनेच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धांतून आय-लीग ३ पर्यंत पोहोचावे लागते. तो मार्ग लांब आणि खर्चिक आहे.

मुलींसाठी अशी लीग आहे का?

आहे. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ चे विजेतेपद ईस्ट बंगालने मिळवले, आणि तिच्या खाली आयडब्ल्यूएल २ ही श्रेणीही आहे. आपल्याकडे मुलींचे संघ बहुतेक शाळेपुरतेच राहतात आणि दहावीनंतर विखुरतात. तालुका स्पर्धेत मुलींचा एक खुला गट ठेवला तर निदान बारावीपर्यंत तरी खेळ टिकतो.

स्थानिक स्पर्धेत हरकत कशी आणि किती वेळात घ्यावी?

लेखी घ्यावी, कर्णधाराच्या सहीने घ्यावी आणि पत्रकात दिलेली हरकत फी सोबत भरावी. हरकत मान्य झाली तर फी परत मिळते, फेटाळली गेली तर ती स्पर्धेच्या खात्यात जमा होते. खेळाडूच्या पात्रतेविषयीची शंका आधीपासून असेल तर ती सामन्यापूर्वीच नोंदवावी. सामन्यानंतर समजलेल्या बाबीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची मुदत पुरेशी आहे. कमिटीने पुढील फेरी सुरू होण्यापूर्वी निर्णय लिहून द्यावा, त्यात कारण नमूद करावे आणि निर्णय देणाऱ्यांत त्या दोन्ही गावांचा कोणीही सदस्य नसावा.